हेड्रियनची भिंत : चॉलरफर्ड ते स्टील रिग, एका दिवसात

पहिले तीन तास चिडचिड होणार, हे आधीच सांगते. रोमन सम्राट हेड्रियनने बांधून घेतलेल्या भिंतीच्या कडेने जाणारी इंग्लंडमधली हेड्रियन्स वॉल पाथ ही पायवाट १३५ किलोमीटरची. त्यातला चॉलरफर्ड ते स्टील रिग असा वीसेक किलोमीटरचा एकच दिवस आम्ही दोघांनी निवडला होता, आणि दुपार होत आली तरी सलग भिंतीचा पत्ता नाही! शेजारी डांबरी रस्ता, त्यावर सुसाट गाड्या. भिंत आहे, पण त्या रस्त्याच्या पोटात. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) सरकारी फौजेला न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेत पोचता आलं नाही, म्हणून नंतर हा लष्करी रस्ता झाला आणि भरावासाठी रोमनांचेच दगड फोडले.

या टप्प्यात लाइमस्टोन कॉर्नरला मात्र थांबाच. नावात चुनखडी असली तरी दगड काळा आणि भलता कठीण. भिंतीपुढचा खंदक इथे अर्धवट सोडलाय. एका धोंड्यावर पाचरी ठोकायला पाडलेली भोकं अजून दिसतात. ‘‘अगं, कंत्राटदार पळाला वाटतं,’’ इति नवरा. पुढे कॅरॉब्रला मिथ्राचं, म्हणजे रोमन सैनिक भजत त्या देवाचं देऊळ. तिथल्या वेदी प्रतिकृती आहेत, अस्सल न्यूकॅसलच्या संग्रहालयात. वेदीवर लोक नाणी ठेवून जातात.

मग वाट रस्ता सोडून सूइंगशील्ड्सच्या कड्यावर चढते आणि सगळी चिडचिड माफ. दर रोमन मैलाला, म्हणजे दीडेक किलोमीटरवर एक ठाणं, दोन ठाण्यांमध्ये दोन बुरूज. वाचलं होतं, पण ते खरं कळलं ते पायांना. तासाभरात मी नकाशा न बघता ‘‘आता बुरूज यायला हवा’’ म्हणायला लागले, आणि यायचाच. (एकदा नाही आला. तिथे नुसता गवताचा उंचवटा होता.) ३७ नंबरच्या ठाण्याच्या उत्तर दरवाजातून बाहेर डोकावलं तर समोर थेट उतार. जाणार कुठे? तरी दरवाजा आहे, कारण ठरल्याप्रमाणे प्रत्येक ठाण्याला तो हवाच होता! सरकारी काम दोन हजार वर्षांपूर्वीही असंच चालायचं, असं माझं मत झालं.

हाउसस्टेड्सच्या किल्ल्याला तास-दीड तास द्या. आताच्या बेल्जियमकडच्या तुंग्रियन सैनिकांची पलटण इथे होती. धान्याच्या कोठारातले जमीन उचलून धरणारे खांब बघा आणि सार्वजनिक शौचकूप तर बघाच. पाणी खेळवायच्या चरासकट शाबूत आहे. बसायच्या बैठका मात्र आता उरलेल्या नाहीत.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. फोटोत दिसणारी ती सुबक, वर गवत असलेली भिंत बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकात पुन्हा रचलेली आहे. जॉन क्लेटन नावाच्या जमीनदाराने ही जमीन विकत घेत घेत दगडांची पळवापळवी थांबवली आणि पडलेले दगड चुन्याशिवाय परत लावले. कळल्यावर पाच मिनिटं फसवल्यासारखं वाटलं. मग सकाळचा रस्ता आठवला आणि क्लेटनसाहेबांना मनातल्या मनात नमस्कार केला.

सिकॅमोर गॅप या खिंडीत एक प्रसिद्ध, एकटं सिकॅमोरचं झाड होतं, आता नुसता बुंधा आहे. ते झाड २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत कापलं गेलं. तिथे सगळेच हळू आवाजात बोलत होते.

वाटेच्या खुणा अव्वल, ओकच्या फळाचं चिन्ह कुठेच दगा देत नाही. चढउतार शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये ठासून भरलेत. पील क्रॅगच्या पायऱ्या उतरताना माझ्या गुडघ्यांना काठ्यांनीच तारलं. वेळ कमी असेल तर हाउसस्टेड्सपासून सुरुवात करा, पण मग बुरूज मोजायची सवय लागणार नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो रस्त्यासाठी. सामान पुढे पोचवणाऱ्या सेवेने आमची बॅग भलत्याच मुक्कामी टाकली, त्याचा राग या वाटेवर काढत नाही. ओले मोजे मात्र रात्रभर अंगावर होते.