बॉल पायथनचं पिल्लू खात नाही: उंदीर बदलायचा की डबा?

बॉल पायथन या पाळीव सापाचं नवं आणलेलं साठ-सत्तर ग्रॅमचं पिल्लू दोन आठवडे उपाशी राहिलं की बहुतेक जण आधी भक्ष्य बदलतात. गोठवलेला नको म्हणून जिवंत, माऊस (छोटा उंदीर) नको म्हणून रॅट (मोठ्या जातीचा उंदीर). खरं कारण बहुतेक वेळा तो ठेवलेल्या डब्यात असतं, त्यामुळे तुलनेची सुरुवात तिथूनच.

प्लॅस्टिकचा डबा की काचेची टाकी

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून असतो. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. चार फुटांची टाकी आपल्याला ऐसपैस वाटते, पण आडोसा नसेल तर पिल्लासाठी ते उघडं माळरानच. साधारण ४५ × ३० सेंटिमीटरचा, घट्ट झाकणाचा डबा पहिले काही महिने पुरतो. बाजूला ३-४ मिलिमीटरची भोकं पाडायची, तळाशी पेपर टॉवेल, पाण्याची जड वाटी, आणि दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा. ती इतकी बुटकी हवी की वेटोळं घातल्यावर पाठ छताला लागेल. उलटी ठेवून एका कडेला दार कापलेली छोटी कुंडी छान चालते.

टाकी आधीच घेऊन ठेवली असेल तर फेकू नका. तीन बाजूंना काळा कागद लावा, जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग झाका आणि उरलेली जागा कृत्रिम वेलींनी, सालींनी गच्च भरा. कष्ट जास्त, पण जमतं.

ऊबदार टोकाला ३१ ते ३२ अंश, थंड टोकाला २५ ते २६, आणि रात्रीही २४ च्या खाली नको. हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) तळाच्या एक-तृतीयांश भागाखाली, डब्याच्या बाहेरून लावायची आणि थर्मोस्टॅटचा (तापमान आवरणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅट व डब्याच्या मध्ये ठेवायचा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीच नाही, पोट भाजतं. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के, कात टाकताना थोडी जास्त. मुंबईच्या पावसाळ्यात डबा उलट कोंदट होतो, तेव्हा भोकं वाढवा. नागपूरच्या मे महिन्यात आणि न्यू जर्सीच्या हिटर लावलेल्या घरात हवा कोरडी पडते. तिथे एका आडोशात ओलसर शेवाळ ठेवा.

गोठवलेला, ताजा मारलेला की जिवंत

पहिले पाच-सात दिवस हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. त्यानंतर पहिला घास साधारण सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांचा: ६५ ग्रॅमच्या पिल्लाला सात ते नऊ ग्रॅमचं माऊसचं पिल्लू.

आमची पसंती गोठवलेल्याला. तो चावत नाही आणि एकदम घेऊन ठेवता येतो. बिघडतं ते गरम करताना. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत बंद करून ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं, शेवटी पुसून कोरडा करून डोकं हेअर ड्रायरने थोडं अधिक गरम. सापाच्या वरच्या ओठातले खड्डे उष्णता टिपतात, म्हणून कोमट उंदीर त्याला ‘दिसत’च नाही. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह वापरलात तर उंदराचं पोट फुटतं.

द्यायची वेळ दिवे मालवल्यानंतरची. लांब चिमट्याने धरून आडोशाच्या तोंडापासून आठ-दहा सेंटिमीटरवर हळू सरकवायचा, जणू उंदीर समोरून चालला आहे. तोंडावर नाचवलात तर पिल्लू डोकं लपवून चेंडू होतं. नावच त्यावरून पडलं आहे. झडप घातली की जागचे हलू नका. नाही घातली तर उंदीर आडोशाच्या दारात ठेवून झाकण लावा आणि सकाळी बघा. खायला घालायला वेगळ्या डब्यात हलवू नका, त्या हलवण्यानेच भूक मोडते.

जिवंताची जमेची बाजू एकच: हालचाल आणि ऊब आयती मिळते. हट्टी पिल्लाचा पहिला घास म्हणून डोळे नुकते उघडलेलं माऊसचं पिल्लू चालेल, पण नजर ठेवून आणि वीस मिनिटांत बाहेर. मोठा, दात आलेला उंदीर रात्रभर सोडला तर तोच सापाची पाठ कुरतडतो. ताजा मारलेला हा मधला टप्पा, जिवंतावरून गोठवलेल्यावर आणताना उपयोगी.

घरात पकडलेला उंदीर मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. शेजाऱ्यांनी टाकलेलं उंदराचं विष त्याच्या पोटातून सापाच्या पोटात जातं.

माऊस की रॅट? आधीचा मालक जे देत होता तेच. माऊसवर अडून बसलेला प्रौढ साप पुढे खर्चिक पडतो हे खरं, पण रॅटवर आणायचं ते चार-पाच वेळा नीट खाल्ल्यावर. नव्या उंदराला जुन्याच्या पिंजऱ्यातला भुसा चोळला की वास ओळखीचा होतो.

थांबायचं की भरवायचं

नकार मिळाला तर पुढचा प्रयत्न सहा-सात दिवसांनी, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून. रोज उंदीर दाखवणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. डोळे निळसर झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबा. दर आठवड्याला एका ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या. ते टिकून असेल तर निरोगी पिल्लू काही आठवडे सहज काढतं. दहा टक्क्यांहून जास्त घट, तोंडाला फेस किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणारे पशुवैद्य गाठा. तोंड उघडून घास सरकवणं त्यांच्या देखरेखीखालीच. खाल्लेलं ओकून टाकलं तर दहा-चौदा दिवस विश्रांती, मग निम्म्या आकाराचा घास. आणि सलग तीन वेळा खाऊन पचवेपर्यंत हातात घेणं बंद.

पिल्लू अजून घेतलंच नसेल तर स्वस्त, कधीच न खाल्लेल्यापेक्षा किमान तीन-चार वेळा खाल्ल्याची नोंद असलेलं घ्या आणि जमल्यास तुमच्यासमोर खाताना बघा. भारतात ही जात वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येते. २०२४ च्या नियमांनुसार साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्यामुळे विक्रेत्याकडून कागद आधी, पिल्लू नंतर.