कंबर धरली की कुठे जायचं, कायरोप्रॅक्टरकडे की फिजिओकडे?

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी दोन्ही करून बघितलंय, स्वतःच्या कंबरेवर. आधी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मुख्यतः हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्याकडे, अकरा सिटिंग, मग फिजिओकडे साधारण तीन महिने. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे हे एका पेशंटचं मत समजा, पण मधल्या काळात वाचलं बरंच, आणि जिथे वाचलेलं अनुभवाशी जुळलं तिथे ते पण सांगतो.

एक गोष्ट या तुलनेच्या बाहेरची आहे ती आधी सांगून टाकतो. पायातली ताकद कमी होत चाललीये, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर पडलाय, तर दोघांपैकी कुणाकडेच जाऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल, काही न करता वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा जोरात पडल्यावर दुखायला लागलं असेल, तरी आधी डॉक्टर. बाकी आपली रोजची दुखणी, उसण भरली, मान आखडली, बसून बसून कंबर गेली, त्यांच्याबद्दल पुढचं सगळं.

तर पहिल्यांदा मी कायरोप्रॅक्टरकडे गेलो कारण मला लगेच बरं व्हायचं होतं. चार दिवस झाले होते, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत होते. आणि खरं सांगतो, पहिलं सिटिंग मस्तच झालं. पालथं झोपायचं, टेबलाला तोंडासाठी भोक असतं त्यात कागद अंथरलेला, पायांची लांबी बघतात, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत खाली येतात. कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडला, खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला धरली, म्हणाले श्वास सोडा, आणि सोडता सोडता एक छोटासा झटका. कट्ट. दुखलं नाही काहीच. उठलो तर कंबर सैल झाल्यासारखी, गाडीत बसताना वाटलं अरे हे आधीच का नाही केलं. दुसऱ्या दिवशी जरा अंग ठणकलं, व्यायाम केल्यावर ठणकतं तसं, ते एक-दोन दिवसांत जातं आणि ते नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

त्या आवाजाबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात. हाड जागेवर बसल्याचा आवाज नाहीये तो. आपण बोटं मोडतो तोच प्रकार, सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. 2015 साली बोटाचा सांधा ओढताना चालू एमआरआयमध्ये हे टिपलं होतं. म्हणूनच एकदा मोडलेलं बोट पुढची साधारण 20 मिनिटं परत मोडत नाही. आवाज आला नाही म्हणजे ट्रीटमेंट लागू पडली नाही असंही काही नसतं. काही कायरोप्रॅक्टर तर झटका देतच नाहीत, स्प्रिंगचं पेनासारखं छोटं यंत्र लावतात किंवा टेबलाचा एक भाग धप्पकन खाली पडतो त्यावर काम करतात. झटक्याची भीती वाटत असेल तर तसं आधीच सांगायचं.

आता लागू पडतं का? पडतं, पण किती, ते जरा समजून घ्या. 2017 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये, नवीन सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी हाताने मणके हलवण्याच्या उपचाराचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले होते, तर 100 च्या मापावर सरासरी 10 च्या आसपास दुखणं कमी. म्हणजे फरक आहे, जादू नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने सुद्धा कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी ज्या गोष्टी करून बघा म्हटलं त्यात शेक, मसाज यांच्याबरोबर हा उपचारही आहे, आणि सोबत हेही म्हटलंय की ताजी कंबरदुखी बहुतेकांची काहीही केलं तरी काळ जाईल तशी कमी होतेच. हे वाक्य मी आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, कारण पहिल्या दोन आठवड्यांत जे बरं वाटतं त्यातलं किती झटक्याचं आणि किती दिवस गेल्याचं हे आपल्याला कळायला मार्गच नसतो.

आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला अभ्यास 1998 चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. कंबरदुखीचे 321 लोक घेतले, काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना मॅकेन्झी पद्धतीची, म्हणजे ठराविक हालचाली परत परत करून घेणारी फिजिओथेरपी, आणि काहींच्या हातात फक्त माहितीचं एक पुस्तक दिलं. पहिल्या दोन गटांत जवळपास सारखाच निकाल, आणि पुस्तकवाल्यांपेक्षा ते थोडेसेच पुढे. म्हणजे दुखणं किती कमी होतं एवढ्यावर निवडायला गेलात तर ठरणारच नाही, दोन्ही पारडी सारखीच.

मग माझं कशावरून ठरलं? एका वाक्यावरून.

पाचव्या सिटिंगला मी सांगितलं की तीन दिवस छान होतं, काल सकाळी मोजे घालायला वाकलो आणि परत तीच कळ. पाठीवरून बोटं फिरवत ते अगदी शांतपणे म्हणाले, "हो, परत सरकलाय मणका, बसवून टाकू." सहाव्याला तेच. सातव्याला तेच. माणूस चांगला होता, हात हलका, वेळ द्यायचे, बोलायचे प्रेमाने, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण "परत सरकलाय" हे डोक्यात जाऊन बसलं ना. मी वाकणंच बंद केलं. बेसिनवर तोंड धुताना एक हात टेकलेला, खाली पडलेली वस्तू उचलायची तर आधी गुडघ्यावर बसायचं, शिंक आली तर भिंत धरायची. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची, दोन हात वर करून समोर उभी राहायची, आणि मी म्हणायचो आईकडे जा. तिने महिनाभराने माझ्याकडे यायचंच बंद केलं. दुखणं तोपर्यंत निम्म्यावर आलं होतं हो, पण मी जगत होतो काचेच्या भांड्यासारखा.

घरी काय करू विचारलं की उत्तर यायचं, काही करू नका, जड उचलू नका, गुरुवारी या. आणि पहिल्याच दिवशी 24 सिटिंगचा प्लॅन हातात दिलेला, पुढे महिन्यातून एकदा "मेंटेनन्स". पैशाचं एक वेळ सोडा, पण माझी पाठ नीट ठेवायचं काम कायमचं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, आणि ते सुद्धा ती सारखी सरकते या समजुतीवर.

नंतर वाचलं तर ही सरकण्याची कल्पना या पद्धतीच्या मुळातच आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्टमध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 साली हे सुरू केलं, बहुतेक सगळे रोग मणका जागेवरून हलल्यामुळे होतात अशी त्यांची धारणा, त्याला ते सबलक्सेशन म्हणायचे. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर तसं मानत नाहीत, ते दुखणं, जखडलेला सांधा, स्नायू याच भाषेत बोलतात, आणि असा कुणी भेटला तर माझा अनुभव तुम्हाला येणारही नाही. पण जुनी भाषा बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. 1998 सालीच कंबरेखालच्या सेक्रोइलिअ‍ॅक सांध्यावर कुणीतरी झटक्याआधी आणि झटक्यानंतर काटेकोर मोजून बघितलं होतं, हाताने तपासल्यावर फरक वाटत होता पण सांध्याची जागा हललेलीच नव्हती. म्हणजे बरं वाटतं ते खरं, "बसवलं" ते तसं नाही.

एमआरआयचंही तेच. गादी फुगली, मणक्यात गॅप आला असं रिपोर्टात वाचून माणूस अर्धा खचतो. पण अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या साधारण 30 टक्के आणि ऐंशीच्या आसपासच्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्याच दिसतात. हे मला फिजिओ मॅडमनी सांगितलं, मी रिपोर्टची फाईल पुढे केली तेव्हा.

फिजिओकडे मी फार आशेने गेलो नव्हतो. आणि पहिला आठवडा निराशाच झाली, कट्ट नाही, हलकं वाटणं नाही, काहीच नाही. मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, कंबर धरल्यापासून तुम्ही काय काय करणं सोडून दिलंय ते सांगा. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या, पानभर झालं. मग मुलीचं वजन विचारलं. मी म्हटलं सोळा किलो असेल. त्यांनी पानाच्या खाली 16 लिहून गोल केला. बस, ट्रीटमेंटचं टार्गेट तेवढंच.

सुरुवात झाडूच्या दांड्याने. दांडा पाठीला लावून धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली, आणि कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं. पहिले दहा दिवस एवढंच, सकाळ-संध्याकाळ, शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि रोज चालणं. दोन आठवड्यांनी हातात चार किलो, मग आठ. आणि मला ज्याचं आश्चर्य वाटलं ते म्हणजे पाचव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या आता पाठ गोल करून वाका, बिनधास्त, खाली पडलेला पेन उचला. मी घाबरलो, त्या म्हणाल्या पाठ वाकण्यासाठीच आहे, रोज वाकवली तरच वाकेल. वाकलो. थोडं ओढल्यासारखं झालं, बाकी काही नाही. दहाव्या आठवड्यात 16 किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेलं व्यायामाचं वजन, उचलली आणि त्याच संध्याकाळी मुलीला, ती एक मिनिट बघतच राहिली माझ्याकडे. कळ त्यानंतरही अधूनमधून आली, पूर्ण शून्य झालं असं म्हणणार नाही, पण आली तर काय करायचं ते मला माहीत होतं.

फिजिओचे तोटे पण आहेत. कंटाळवाणं आहे, आणि व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात, तिथे तुमच्याऐवजी कुणी काही करू शकत नाही. शिवाय सगळेच फिजिओ असे नसतात. मशीनचे पॅड चिकटवून, लाईट लावून वीस मिनिटं झोपवून ठेवतात आणि घरी पाठवतात अशीही ठिकाणं आहेत, तसं असेल तर त्यापेक्षा चांगला कायरोप्रॅक्टर परवडला असं मी म्हणेन. आणि पुष्कळ फिजिओ गरज पडली तर हाताने सांधा मोकळा करतातच, म्हणजे झटका हवाच असेल तर तोही तिथे मिळू शकतो, फक्त व्यायामाच्या जोडीला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठी हेच सांगितलंय, हाताचे उपचार करा पण एकटे नकोत, व्यायामासोबत.

माझ्या ताईचा अनुभव मात्र उलटा आहे आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. तिची मान आखडून डोकं दुखायचं, कायरोप्रॅक्टरकडे चार वेळा गेली, बरं वाटलं, त्यांनीच सांगितलं आता यायची गरज नाही. तिला कुणी काही सरकलंय वगैरे म्हणालं नाही, उलट स्क्रीन वर घ्या, मधून मधून उठा, एवढं सांगितलं. ती आजही त्यांचंच नाव घेते.

मानेच्या बाबतीत मी मात्र जरा जपून. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर जाऊन स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, फार म्हणजे फार दुर्मिळ, आणि त्यात झटक्यानेच चीर गेली की आधीच गेलेली होती म्हणून मान दुखत होती यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. तरी पूर्वी कधीच नव्हती अशी मान किंवा डोकं अचानक जोरात दुखायला लागलं असेल, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं असं काही असेल, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, सरळ हॉस्पिटल.

म्हणजे तुमचं दुखणं ताजं असेल, अगदी जखडून गेला असाल, दोन दिवसांत कुठे महत्त्वाचं जायचं असेल, तर कायरोप्रॅक्टरकडे दोन-तीन वेळा जायला माझी काही हरकत नाही, मीही कदाचित जाईन. पण दर तीन-चार महिन्यांनी धरणारी कंबर असेल, किंवा दुखण्यापेक्षा त्याची धास्तीच जास्त झाली असेल, तर माझं मत फिजिओकडे झुकतं, आणि बऱ्यापैकी झुकतं.

कुठेही जा, अपॉइंटमेंट घेताना फोनवरच दोन गोष्टी विचारा. घरी करायला काय देणार, आणि किती भेटींनंतर फरक नाही पडला तर थांबायचं. मी आमच्या मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या सहा. दुसरीकडे फोन केला तर म्हणाले ते आल्यावर बघू, तिथे मी गेलो नाही.