डचेसचे शंख आणि एक ऑडिओ कोर्स

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या विदुषींवरचा हा ऑडिओ कोर्स भांडी घासता घासता ऐकून संपवला. पाचपैकी साडेतीन देईन, दीड का कापला ते सांगतेच.

सुरुवात ब्लूस्टॉकिंग (म्हणजे निळे मोजे) मंडळींपासून, घरी जमून पुस्तकांवर चर्चा करणाऱ्या विदुषींचं हे टोपणनाव. एलिझाबेथ मॉन्टेग्यूच्या घरी पत्त्यांचा डाव नाही, चहा आणि पुस्तकांवर गप्पा, हे ऐकायला मजा येते. पण त्या निळ्या मोज्यांचा किस्सा (मोजे मुळात स्टिलिंगफ्लीट नावाच्या पुरुषाचे आणि नंतर टोमणे मात्र बायकांना, वा!) तीनदा सांगितलाय हो, एकदा पुरे होता.

खरा माल पोर्टलंडच्या डचेसच्या भागात आहे. मार्गारेट बेंटिंक, १७१५ ते १७८५. मला वाटलं असेल कोणीतरी हौशी श्रीमंत बाई, कपाटात शंख मांडून पाहुण्यांना दाखवणारी, पण हिने शंखांची वर्गवारी करायला कोणाला बसवावं तर डॅनियल सोलँडरला, म्हणजे वनस्पती-प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा शिष्य आणि कॅप्टन कुकच्या जहाजातून जग फिरून आलेला माणूस! तिच्या बल्स्ट्रोडच्या घरी मैत्रीण मेरी डिलेनी उन्हाळ्यात मुक्कामाला असायची, तिने बहात्तराव्या वर्षी कागद कापून फुलं करायला घेतली, काळ्या कागदावर रंगीत कपटे चिकटवून, अगदी पुंकेसरसुद्धा, आणि दृष्टी साथ देईना तोवर जवळपास १००० केली. हात पुसून फोनवर ती फुलं शोधली, कारण कोर्ससोबत एकही चित्र नाही. एकही! फुलांची नुसती वर्णनं ऐकून माणसाने काय करायचं?

आणि लिलाव. डचेस गेल्यावर १७८६ मध्ये सगळा संग्रह विकला, ३८ दिवस चाललं ते, चार हजारांवर लॉट (एकेका बोलीत विकायचे गठ्ठे). याला कोर्समध्ये चार मिनिटं, त्यातली तीन पोर्टलंड व्हाजला. मान्य, रोमन काचेचं भांडं, नामांकित कुंभार वेजवुडने नक्कल केली, १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एकाने फोडलं, स्टोरी भारीच आहे. पण ते तिच्याकडे आलं शेवटी शेवटी, सर विल्यम हॅमिल्टनकडून, शंख मात्र तिने आयुष्यभर जमवले. सोलँडर १७८२ मध्ये वारला, शंखांची यादी अर्धवटच राहिली, आणि मग लॉट फुटून शंख चहूकडे पांगले, यावर एक आख्खा भाग हवा होता राव.

निवेदिकेचा आवाज गोड आहे पण संथ, स्पीड थोडा वाढवूनच ऐका.