घोडीला सात पाउंड : उडीच्या शर्यतींची एक फॉर्म-सेवा

नोव्हेंबर ते एप्रिल या मोसमात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नियमाने जाणाऱ्या मुंबईकरांपैकी काही जणांना इंग्लंड-आयर्लंडमधील उडीच्या शर्यतींचीही गोडी असते, आणि वेळेचे गणित त्यांच्या सोयीचे आहे. इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे मार्चमध्ये होणाऱ्या उडीच्या शर्यतींतली दिवसाची पहिली शर्यत आपल्याकडे संध्याकाळी सातच्या आसपास सुटते, म्हणजे कार्यालयातून घरी येऊन चहा घेतल्यावर निवांत पाहता येते. पाहणे सोपे आहे, फॉर्म म्हणजे घोड्याची मागील धावांमधली कामगिरी वाचणे मात्र सोपे नाही, कारण महालक्ष्मीवर आपण पाहतो त्या शर्यती सपाट, म्हणजे अडथळ्यांविना असतात आणि हर्डल (ठेंगणे अडथळे) किंवा स्टीपलचेस (मोठे, पक्के अडथळे) या शर्यतींचा फॉर्म वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. ही नजर तयार व्हावी म्हणून ब्रिटिश आणि आयरिश शर्यतींची वजने, रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा पाउंडांतला आकडा), फॉर्म आणि जुने निकाल मोबाइलवर देणारी एक सशुल्क सेवा मी या मोसमात घेतली. तिचे नाव येथे देत नाही. जो मुख्य आक्षेप मी नोंदवणार आहे, तो अशी कोणतीही सेवा घेण्याआधी तपासून पाहण्यासारखा आहे आणि नावापेक्षा तोच वाचकाच्या उपयोगी पडेल. पैजेचा विषय मी पूर्णपणे बाजूला ठेवला असून सेवा पारखण्यासाठी एकच कसोटी निवडली आहे, ती म्हणजे घोडीचा फॉर्म आणि तिला मिळणारी वजनाची सवलत.

ही कसोटी निवडण्याचे कारण असे की, सपाट शर्यतींवर पोसलेला वाचक नेमका येथेच फसतो. इंडियन डर्बीत कोल्ट (तरुण नर) जॉकी-खोगीर धरून 57 किलो घेऊन धावतो आणि फिली (तरुण मादी) 55.5 किलो घेऊन, त्यामुळे दीड किलोचा फरक आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. ब्रिटन-आयर्लंडमधील उडीच्या शर्यतींत, हँडिकॅप (रेटिंगनुसार कमी-जास्त वजन देणारी शर्यत) नसेल तर, घोडीला सात पाउंडांची सवलत मिळते. चेल्टनहॅमच्या चॅम्पियन हर्डल या शर्यतीत खच्ची केलेला घोडा 11 स्टोन 10 पाउंड (एक स्टोन म्हणजे 14 पाउंड) म्हणजे सुमारे 74.4 किलो घेऊन धावतो, तर घोडी 11 स्टोन 3 पाउंड म्हणजे सुमारे 71.2 किलो. हा फरक तीन किलोंच्या वर जातो, म्हणजे आपल्या सवयीच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तो दोन मैलांवर, आठ हर्डल ओलांडताना, बहुधा ओल्या आणि जड मैदानावर वागवायचा असतो. त्यामागचा हेतूही सरळ आहे. उडीच्या शर्यतींचा कणा म्हणजे खच्ची घोडे. ताकदीत ते सरासरीने वरचढ ठरतात. घोडीला सवलत नसेल, तर मालक तिला प्रशिक्षणात ठेवण्याऐवजी थेट पैदाशीला पाठवतील किंवा मुळात विकतच घेणार नाहीत.

आता सेवेकडे वळतो. शर्यतीचे कार्ड उघडले की प्रत्येक घोड्याच्या नावाखाली एक ओळ दिसते, तीत क्रमाने मागच्या धावांचे आकडे, वय, वजन, जॉकी, ट्रेनर आणि अखेरीस अधिकृत रेटिंग असते. मांडणी स्वच्छ आहे, अक्षर वाचता येण्याइतके मोठे आहे आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने मोबाइल धरूनही पुढचे कार्ड सरकवता येते, ही मुंबईकराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. दोष आहे तो वजन आणि रेटिंग या दोन रकान्यांच्या मेळात. वजनाच्या रकान्यात घोडीचे वजन सवलत आधीच वजा करून छापलेले असते, रेटिंग मात्र जसेच्या तसे असते, आणि या दोहोंचा हिशेब जुळवून देणारी एकही खूण कार्डावर नाही. समजा, एका अव्वल दर्जाच्या हर्डल शर्यतीत घोडीचे रेटिंग 152 आहे आणि तिच्या शेजारच्या खच्ची घोड्याचे 158. कार्ड पाहणाऱ्याला घोडी सहा पाउंडांनी मागे वाटते. प्रत्यक्षात ती सात पाउंड कमी घेऊन धावणार असल्यामुळे त्या शर्यतीपुरते तिचे रेटिंग 159 धरावे लागते, म्हणजे ती एका पाउंडाने पुढे असते. सेवेत ‘तुलना’ नावाचा एक विभाग आहे आणि जाहिरातीत त्याचेच कौतुक जास्त केलेले आहे. तोही कोऱ्या रेटिंगनुसारच क्रम लावतो. ज्याला हा हिशेब स्वतः करता येतो त्याला या विभागाची गरज नाही, आणि ज्याला येत नाही त्याची तो दिशाभूल करतो.

जुन्या निकालांचा विभाग मात्र खरोखर चांगला आहे. चॅम्पियन हर्डलचे गेल्या काही वर्षांचे निकाल एकापाठोपाठ उघडता येतात आणि त्यांतून सवलतीचा अर्थ जितका कळतो तितका कुठल्याही माहितीपर लेखातून कळणार नाही. उडीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत एक लांबी (घोड्याच्या शरीराएवढे अंतर) म्हणजे ढोबळमानाने एक पाउंड असे धरण्याची पद्धत आहे. त्या मापाने पाहू. 2016 साली ॲनी पॉवर ही घोडी साडेचार लांब्यांनी जिंकली, 2020 साली एपातांत या घोडीने शारजा या घोड्यावर तीन लांब्यांनी विजय मिळवला आणि 2021 साली हनीसकल या घोडीने त्याच शारजाला साडेसहा लांब्यांनी मागे टाकले. तिन्ही वेळा सवलत सात पाउंडांची होती, आणि तिन्ही वेळा विजयाचे अंतर त्याहून कमी. कागदावरच्या काटेकोर हिशेबाने समान वजनावर या तिघीही हरल्या असत्या, पैकी हनीसकल जेमतेम अर्ध्या लांबीने. असा हिशेब मांडणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही, कारण आघाडीवर असलेल्या घोडीला जॉकी शेवटच्या टप्प्यात किती रेटतो, हे लांब्यांत उतरत नाही. तरीही हा हिशेब डोळ्यांसमोर असलाच पाहिजे. 2022 च्या निकालात तर गंमत आहे : पहिली हनीसकल आणि साडेतीन लांब्या मागे दुसरी एपातांत, म्हणजे दोघीही घोड्याच. त्यांच्यापुरती सवलत एकमेकींत विरून गेली आणि साडेतीन लांब्यांचा निकाल निखळ राहिला. सेवेने अशा निकालांवर साधी एक टीप जोडली असती, तरी वर्गणीची अर्धी किंमत वसूल झाली असती.

हे जुने निकाल 1980 च्या दशकापर्यंत मागे जात नाहीत, ही मोठी उणीव आहे. कारण या विषयाचे मूळ प्रकरण तिथेच आहे. डॉन रन या आयरिश घोडीने 1984 साली चॅम्पियन हर्डल आणि 1986 साली चेल्टनहॅम गोल्ड कप ही स्टीपलचेस जिंकली. हे दोन्ही मान मिळवणारी आजवर ती एकटीच आहे. त्या काळी सवलत पाच पाउंडांची होती. गोल्ड कपमध्ये बाकीचे 12 स्टोन घेऊन धावले, ती 11 स्टोन 9 पाउंड घेऊन, आणि शेवटच्या चढावर वेवर्ड लॅड या घोड्याला गाठून ती जिंकली ती एका लांबीने. पाच पाउंड आणि एक लांबी या दोन आकड्यांवर रेसचे जाणकार आजही वाद घालू शकतात. माझे मत असे की, शेवटची उडी घेतल्यानंतर हरल्यासारखी दिसणारी घोडी चढावर पुन्हा उसळून पुढे जाते, तेव्हा तिच्या यशाचे सगळे माप वजनकाट्यावर घेऊ नये. पण वाद घालायला निकाल तरी समोर हवा.

हँडिकॅप शर्यतींच्या बाबतीत सेवा बरोबर आहे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. हँडिकॅपमध्ये घोडीला वेगळी सवलत नसते. आपल्याकडच्याप्रमाणेच रेटिंगवरून वजन ठरते आणि रेटिंगमध्येच सगळे आले असे मानतात. इंग्लंडमधील एन्ट्री (Aintree) या मैदानावरच्या ग्रँड नॅशनल या हँडिकॅप स्टीपलचेसचे कार्ड उघडल्यास वजन आणि रेटिंग यांचा मेळ बसतो. सव्वाचार मैलांच्या या शर्यतीत शेवटची घोडी जिंकली ती 1951 साली, निकेल कॉइन. 2019 साली मॅजिक ऑफ लाइट ही घोडी टायगर रोल या घोड्याच्या मागे दुसरी आली, एवढे जवळ येणेही विरळच. हँडिकॅप नसलेल्या शर्यतींत घोडी वारंवार जिंकताना दिसते आणि नॅशनलमध्ये तिचा विजय इतका दुर्मीळ का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग तरी त्या सात पाउंडांत आहे. एक भाग असे म्हणतो, कारण नॅशनलमध्ये उतरणाऱ्या मादीच मुळात थोड्या असतात.

केवळ घोड्यांच्या, म्हणजे मादींसाठीच राखीव असलेल्या शर्यतींत गणित पुन्हा बदलते. चेल्टनहॅमला मेअर्स हर्डल 2008 पासून आणि मेअर्स चेस 2021 पासून होते. तिथे सवलतीचा प्रश्नच नाही, कारण ती सर्वांनाच लागू. प्रश्न असतो दर्जाचा. एखादी घोडी खच्ची घोड्यांशी झुंजून चौथी आली असेल आणि आता मादींच्या शर्यतीत उतरत असेल, तर तिचा तो ‘4’ हा दुसरीच्या सोप्या ‘1’ पेक्षा मोलाचा असू शकतो. सेवेची ‘फॉर्म गुण’ नावाची पद्धत शेवटच्या सहा धावांच्या क्रमांकांवरून गुण काढते आणि हा भेद अजिबात ओळखत नाही.

त्या गुणांचा आणखी एक दोष केव्हेगाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. आयरिश प्रशिक्षक विली मलिन्सच्या तबेल्यातील या घोडीने 2009 ते 2014 अशी सलग सहा वर्षे मेअर्स हर्डल जिंकली आणि गोल्डन मिलर या घोड्याच्या गोल्ड कपमधील पाच विजयांचा विक्रम मागे टाकला. तिच्या कारकिर्दीचा बराचसा काळ असा गेला की, ती वर्षभर तबेल्यात राहायची, थेट मार्चमध्ये चेल्टनहॅमला उतरायची, त्यानंतर आयर्लंडमधील पंचेस्टाउनला लांब पल्ल्याच्या हर्डलमध्ये नरांनाही हरवायची आणि पुन्हा गायब व्हायची. महालक्ष्मीच्या सवयीने वाचणारा मनुष्य दहा-अकरा महिन्यांचा खंड पाहून अशा घोडीवर काट मारेल, आणि सेवेचे गुणही खंडाबद्दल सरसकट कपात करून नेमके तेच करतात. धावांच्या आकड्यांमधली तिरपी रेघ म्हणजे पडलेला खंड, एवढे सेवा समजावून सांगते. हा खंड ठरवून घेतलेला आहे की दुखापतीमुळे पडला, याबद्दल मात्र ती गप्प असते.

धावांच्या आकड्यांमधल्या इंग्रजी ‘एफ’ (पडला) या अक्षराचेही तसेच. 2015 च्या मेअर्स हर्डलमध्ये ॲनी पॉवर शेवटच्या हर्डलला स्पष्ट आघाडीवर असताना पडली. पुढच्या वर्षी ती चॅम्पियन हर्डलची विजेती ठरली, तीही तिच्याच तबेल्यातला फॉगीन हा घोडा जायबंदी झाल्याने ऐनवेळी शर्यतीत आणलेली. पडणे ही चूक खरीच, पण शेवटच्या उडीला आघाडीवरून पडणे आणि दुसऱ्या उडीला गर्दीत पडणे यांची किंमत एकच कशी असेल? शर्यतीचे वर्णन वाचले की फरक कळतो. ते वर्णन या सेवेत आहे, सुरेख लिहिलेले आहे, पण तीन पाने आत दडवलेले आहे. वर्गणी घेतलीच, तर गुणांकडे दुर्लक्ष करून थेट त्या वर्णनाकडे जावे.

घोडीच्या फॉर्मला ऋतूचाही संबंध असतो. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येऊ लागते. काही या काळात बिघडतात, तर काही कात टाकल्यासारख्या सुधारतात, असे प्रशिक्षक सांगतात. गाभण घोडीलाही सुरुवातीच्या काळात धावण्याची मुभा असते, आणि त्या काळात काही घोड्यांचा फॉर्म उंचावतो असा जुना समज आहे. या सगळ्याची नोंद सेवेने ठेवावी अशी अपेक्षा करणे कदाचित जास्तीचे होईल, परंतु ‘मागील वर्षी याच महिन्यात’ अशी एक गाळणी दिली, तरी वाचकाला आपला अंदाज बांधता येईल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वजने फक्त स्टोन-पाउंडांत दिसतात, किलोंचा पर्याय नाही. वेळा ब्रिटनच्या आहेत. मार्चअखेरीस तिथली घड्याळे एक तास पुढे सरकली की आपल्याशी असलेला फरक साडेपाच तासांवरून साडेचार तासांवर येतो, हे सेवा आठवण करून देत नाही, आणि नॅशनल नेमकी त्यानंतर एप्रिलमध्ये असते. वर्गणी ब्रिटिश चलनात कापली जाते आणि बँक परकीय चलनाचे शुल्क वेगळे लावते, तेव्हा जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नये. वर्गणी बंद करणे मात्र सोपे आहे, दोन बटणांत काम होते.

ज्याला इतिहास आणि वर्णने वाचायची आहेत आणि सात पाउंडांची बेरीज स्वतः करण्याचा कंटाळा नाही, त्याने ही सेवा जरूर घ्यावी. ज्याला तयार उत्तर हवे आहे, त्याने हे पैसे वाचवावेत. वार्षिक वर्गणीच्या भानगडीत कोणीच पडू नये, कारण उडीच्या शर्यतींचा खरा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच असतो. मी मासिक वर्गणी एप्रिलअखेरपर्यंत चालू ठेवणार आहे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा घेण्याआधी ‘तुलना’ विभागात सवलत धरली जाऊ लागली आहे का, एवढे एकच पाहणार आहे.