मूळ पानापर्यंत नेणारी संकेतस्थळे

बार्देशातील एका महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना आधुनिक युरोपचा इतिहास शिकवते. पाठ्यपुस्तकातून विद्यार्थ्यांना घटना कळतात, परंतु त्या काळच्या माणसाचे शब्द त्यांच्या कानावर कधी पडत नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. पोर्तुगीज काळातील ग्रंथ व वृत्तपत्रे पाहायची असतील तर पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे; लंडन-पॅरिसच्या दप्तरांसाठी मात्र इंटरनेटवाचून गत्यंतर नाही. वर्गासाठी मी वापरलेल्या विनामूल्य संकेतस्थळांविषयी येथे लिहिते आहे. टंकलेल्या मजकुरामागचे मूळ पान वाचकाला तपासता येते का, या कसोटीवर मी ती पारखली.

नवशिक्यांसाठी फोर्डहॅम विद्यापीठाचा, पॉल हॉलसॉल यांनी संकलित केलेला आधुनिक इतिहासाचा साधनसंग्रह सोयीचा आहे. विषयवार मांडणी उत्तम आहे, परंतु बरेच उतारे संक्षिप्त आहेत, अनेक भाषांतरे जुनी आहेत आणि बाहेरचे काही दुवे आता उघडत नाहीत. येल विधी विद्यालयाचा अ‍ॅव्हलॉन प्रकल्प त्याहून भक्कम वाटतो. १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची सतराही कलमे, १९१९चा व्हर्सायचा तह, १९३८चा म्युनिक करार आणि न्यूरेंबर्ग खटल्याचे दिवसवार कामकाज तेथे मिळते. मूळ पानाची प्रतिमा मात्र या दोन्ही ठिकाणी सहसा मिळत नाही, त्यामुळे एखाद्या शब्दाविषयी शंका आली तर वाचक तेथेच अडतो.

माझ्या कसोटीला पुरेपूर उतरले ते ओल्ड बेली ऑनलाइन. लंडनच्या या फौजदारी न्यायालयात १६७४ ते १९१३ या काळात चाललेल्या सुमारे एक लाख सत्त्याण्णव हजार खटल्यांचे छापील वृत्तांत येथे शोधता येतात, आणि मजकुराबरोबर मूळ पानाची प्रतिमाही पाहता येते. १८३४पर्यंतचा मजकूर दोन जणांकडून स्वतंत्रपणे टंकून घेऊन नंतर ताडून पाहिला गेला, ही काळजी मला फार मोलाची वाटते. गुन्हा, निकाल आणि शिक्षा यांनुसार शोध घेता येत असल्याने, किरकोळ चोरीसाठी सातासमुद्रापार पाठवलेली मोलकरीण किंवा शिकाऊ मुलगा विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष उभा राहतो. या कैद्यांची रवानगी आधी अमेरिकेत होई आणि १७८७पासून ऑस्ट्रेलियाकडे होऊ लागली. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचा हा परिणाम माझ्या वर्गाला पाठ्यपुस्तकापेक्षा या नोंदींतून अधिक चांगला उमगला. एक सावधगिरी मात्र बाळगावी: हे वृत्तांत विक्रीसाठी छापले जात, आणि विशेषतः आरंभीच्या काळात आरोपीच्या बचावाचा भाग पुष्कळदा गाळला जाई. छापलेले पान मूळ असले, तरी न्यायालयात बोललेले सगळेच त्यात उतरलेले नाही.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गालिका हे संकेतस्थळ अफाट आहे, पण फ्रेंच येत असेल तरच त्याचा खरा उपयोग. यंत्राने वाचलेला मजकूर कितपत अचूक असावा याचा अंदाज ते टक्क्यांत देते, हा प्रामाणिकपणा इतरांनीही उचलावा.

गोव्यातील अभ्यासकाने मात्र पोर्तुगालच्या संसदेचा चर्चासंग्रह उघडलाच पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. १८२१पासूनच्या कामकाजाची पाने त्यात प्रतिमारूपाने आहेत. युरोपातील उदारमतवादी घटनावाद आपल्या अंगणापर्यंत कसा आला, हे समजून घ्यायला यासारखे साधन नाही, कारण १८२२मध्ये लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून निवडल्या गेलेल्यांत बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा हे गोमंतकीय होते. भाषेची अडचण खरी आहे, आणि त्यात १९११च्या सुधारणेपूर्वीचे पोर्तुगीज शुद्धलेखनही निराळे आहे. व्यापारासाठीचा शब्द आज एका ‘एम’ने लिहितात, तेव्हा तो दोन ‘एम’ने लिहिला जाई, म्हणून शोधशब्द जुन्या रूपातही देऊन पाहावा. माझ्या एका विद्यार्थिनीने अशा पानांच्या छापील प्रती काढून, पणजीच्या लायसियममध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेल्या आपल्या आजोबांना वाचायला दिल्या. दर रविवारी दोन पाने या गतीने त्यांनी ती तिला मराठीत समजावून सांगितली, आणि तिच्या प्रबंधिकेतील सर्वांत सकस प्रकरण त्यातूनच तयार झाले.