मनीसाठी घर: दांडिया बाजार की अलकापुरी?
मागचा पाय मोडलेल्या, माणूस दिसला की कोपऱ्यात दडणाऱ्या, शेल्टरमधल्या मनी मांजरीला वडोदऱ्यातली दोन घरं मागतायत. दांडिया बाजारातलं कुटुंब प्रेमळ, पण दहा माणसं, दार सताड उघडं. गणपतीत ढोल, १४ जानेवारीला उत्तरायणात गच्चीवर भोंगे. अलकापुरीतल्या काकू एकट्या. त्यांनी एक खोली रिकामी करून लपायला खोकं ठेवलंय, बाल्कनीला जाळीही मारलीय. घाबरट मांजराला सुरुवातीला एवढंच लागतं.

काल शेल्टरमध्ये काकू जमिनीवर बसून पेपर वाचत राहिल्या, मनीकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने ती लंगडत आली, त्यांची चप्पल हुंगून परत गेली.

माझं मत काकूंना. दांडिया बाजारवाल्यांना ते दांडगं पिवळं पिल्लू द्या. त्याला दहा माणसंही कमीच पडतील!