बॉश जीईएक्स १२५-१ एई: फिनिशिंगला उत्तम, जुना रंग काढायला नाही

दुकानात नुसतं 'सँडर (लाकूड घासायचं मशिन) द्या' म्हटलं तर बेल्ट सँडर पुढे येतो, पाव शीटचा चौकोनी येतो, नाहीतर ग्रायंडरला लावायची चकती. सागवान आणि विनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) पॉलिशआधी घासायला हवा तो रँडम ऑर्बिटल, असं स्पष्ट सांगून मागा. बॉशचं हे मशिन त्या जातीचं: २५० वॅट, १२५ मिमी चकती, वजन १.३ किलो, एका हातात मावणारं.

'रँडम' नुसतं नावाला नाही. चकती मोटरच्या दांड्यावर थोडी बाजूला बसवलेली असते, त्यामुळे ती छोटे फेरे घेते. शिवाय बेअरिंगवर मोकळी असल्याने स्वतःभोवतीही फिरते. दोन्ही चाली मिसळल्या की सँडपेपरचा कण परत त्याच वाटेने जात नाही आणि चरे उठून दिसत नाहीत. इथे फेऱ्याचा व्यास फक्त २.५ मिमी आहे, म्हणून फिनिश सुरेख येतं. पण त्याच कारणाने माल हळू निघतो. जुना ऑइलपेंट उतरवायचा असेल तर ५ मिमी फेऱ्याचं मशिन बघा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते जोर दिल्याने. वरून दाबलं की चकती फिरायची थांबते, नुसती थरथरते. खालची उष्णता वाढून वेल्क्रोचे आकडे वितळतात, मग नवा पेपरही धरत नाही. मशिनचं वजन आणि हाताचा भार पुरे. चकती पूर्ण सपाट ठेवा, कडेवर तिरकी केली की खळगा पडलाच.

पेपर घेताना आठ भोकं आहेत ना ते बघा, आणि लावताना ती पॅडच्या (म्हणजे चकतीच्याच) भोकांवर तंतोतंत बसवा. बिनभोकाचा पेपर लावला तर धुळीचा डबा रिकामाच राहतो. भुसा पेपरखाली अडकतो आणि शेपटीसारखे गोल ओरखडे उठतात. ते तेव्हा दिसत नाहीत, स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) मारल्यावर दिसतात. डबा लवकर भरतो, त्यामुळे व्हॅक्युम क्लिनर जोडता आला तर फारच बरं. मास्क तरीही हवाच.

सागवानाला ८०, १२०, १८०, २२० नंबरचे पेपर असं चढत जा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मधला नंबर गाळू नका. सागाच्या तेलकटपणाने पेपर लवकर भरतो, भरला की बदला. विनियर जेमतेम अर्धा मिमी असतं, तिथे ८० नंबर लावूच नये. थेट १८० पासून सुरू करा, वेग कमी ठेवा आणि कडांना मशिन लावू नका.

हवेत उचलल्यावर चकती बेफाम फिरायला लागली तर पॅडमागची ब्रेकची रिंग झिजली आहे. ती बदलल्याशिवाय चांगल्या लाकडावर मशिन टेकवू नका.

चौकटीच्या कोपऱ्यात गोल चकती पोचत नाही. तिथे लाकडाच्या ठोकळ्याला २२० गुंडाळून रेषांच्या दिशेने हातानेच घासावं लागतं.